दोन्ही हब लॉक, तरी पुढची चाकं ढिम्म: जुन्या फोर बाय फोरसाठी मॅन्युअल हब निवडताना

हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून सांगितलं की बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना आकडे आणि क्रम निसटतात. म्हणून यावेळी सगळं नीट लिहून ठेवतोय. बोलण्याचा सूर तोच आहे, फक्त माझे "ॲक्च्युअली" तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय एका हातात मावेल एवढ्या पार्टचा आहे. जुन्या फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एक गोल चकती असते, तिच्यावर एक फिरकी असते आणि फिरकीवर दोन खुणा असतात, फ्री आणि लॉक. हा लॉकिंग हब. काही जण त्याला फ्री व्हीलिंग हब म्हणतात. दोन्ही एकच.

गेल्या जुलैतली सकाळ

मी कॉम्प्युटरचा बीटेक. दिवसभर कोड लिहितो. गाड्यांचं जे काही शिकलो ते मामाच्या अंगणात. मामाचं गाव भोर तालुक्यात, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. त्याच्याकडे १९९० च्या दशकातली डिझेल महिंद्रा जीप आहे. मागचा भाग कापून पिकअपसारखा हौदा केलाय आणि त्यात दुधाचे कॅन बसतात. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर मुरूम आणि लाल माती, पुढे चौदा किलोमीटर डांबर, मग डेअरीचं संकलन केंद्र. पावसाळ्याचे चार महिने त्या तीन किलोमीटरवर दुसरी गाडी चढत नाही. दूध तर जातंच, पण वाडीत कुणी आजारी पडलं तरी हीच जीप.

गेल्या जुलैत मी तिथूनच वर्क फ्रॉम होम करत होतो. पहाटे साडेपाचला मामाबरोबर निघालो. निघण्याआधी मीच खाली उतरून दोन्ही हब लॉकवर फिरवले. चढाच्या मधोमध मागची चाकं जागेवर फिरायला लागली. मामानं फोर बाय फोरचा लीवर टाकला, लो गिअर घेतला. मागची चाकं अजून जोरात फिरली आणि पुढची हललीसुद्धा नाहीत. जीप थांबली, मग ब्रेक दाबलेला असतानाच हळूहळू मागे घसरायला लागली. मागचं चाक कडेच्या चरात बसलं म्हणून थांबलो. चराच्या पलीकडे ओढा होता.

दोन कॅन आडवे झाले. दूध गेलं ते गेलं. पण मामाचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते ते मी पाहिलं. खाली उतरून बघतो तर दोन्ही फिरक्या बरोबर लॉकवर. घरी आल्यावर मामा म्हणाला, "आता ही इकून टाकू." तीस वर्षांत तो असं पहिल्यांदा बोलला.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. स्क्रीनवर "सक्सेस" लिहून येतं आणि आत काहीच घडलेलं नसतं. सगळ्यात वाईट बग हाच. पुढचे दोन आठवडे मी तो बग शोधला, आणि नवा हब निवडताना काय बघायचं ते त्यातूनच कळलं.

हब करतो काय?

थोडं चित्र डोळ्यापुढे आणा. पुढचं चाक स्पिंडलवर बसवलेलं असतं. स्पिंडल म्हणजे पोकळ, न फिरणारी नळी. चाक तिच्याभोवती बेअरिंगवर फिरतं. त्या नळीच्या आतून एक्सेलचा दांडा बाहेर डोकावतो. दांड्याच्या टोकाला दाते असतात. म्हणजे चाक आणि दांडा एकाच रेषेत आहेत, पण एकमेकांना जोडलेले नाहीत. त्यांना जोडायचं किंवा सोडायचं काम हब करतो. लॉक केलं की आतली एक दातेरी कडी सरकते आणि दांडा व चाक एक होतात. फ्री केलं की कडी मागे येते, चाक मोकळं फिरतं आणि दांडा शांत उभा राहतो.

सुरुवातीच्या जीपना ही सोय नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पुढच्या चाकांवर सरळ ड्राइव्ह फ्लँज असायची, म्हणजे दांडा आणि चाक कायमचे जोडणारी लोखंडी टोपी. युद्धात ते चाललं. युद्ध संपल्यावर त्याच जीप अमेरिकेत साध्या रस्त्यांवर रोज फिरायला लागल्या. टू व्हील ड्राइव्हमध्ये असतानासुद्धा पुढची चाकं दांड्यांना फिरवतात, दांडे डिफरन्शियलला आणि डिफरन्शियल प्रोपेलर शाफ्टला. म्हणजे काही काम नसताना निम्मी यंत्रणा नुसतीच गरगरते. १९४८ साली आर्थर वॉर्न यांनी या जुन्या जीपसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली आणि त्यातूनच वॉर्न ही कंपनी उभी राहिली. आज लोक तिला विंचसाठी ओळखतात, पण सुरुवात हबपासून झाली. साधारण त्याच काळात मुंबईत महिंद्रानं विलिस जीप जोडायला घेतल्या. मामाची जीप त्याच घराण्यातली.

एक हब मेला की दोन्ही चाकं का जातात?

आमचा सगळा घोळ इथे होता.

पुढच्या दोन चाकांच्या मध्ये जे डिफरन्शियल असतं ते साधं, म्हणजे ओपन असतं. त्याचा स्वभाव असा, की जिकडे अडथळा कमी तिकडे फिरणं जास्त, आणि दोन्ही बाजूंना जोर सारखाच. एका पाइपला दोन तोंडं आहेत असं समजा. एक तोंड पूर्ण उघडं सोडलं तर दुसऱ्याला पाण्याचा दाब मिळेल का? नाही.

आमचा डावा हब आतून सटकत होता. त्यामुळे लीवर टाकल्यावर डावा दांडा मोकळाच फिरायला लागला. त्याला काहीच अडथळा नाही, म्हणून उजव्या चाकालाही जोर नाही. उजवा हब शंभर टक्के ठीक असूनही पुढची दोन्ही चाकं गेली. फोर बाय फोरची टू बाय फोर झाली, आणि तीही अशा ठिकाणी जिथे गरज सगळ्यात जास्त होती.

यात आणखी एक धोका आहे. लो गिअरमध्ये जोर कितीतरी वाढतो. पुढचे हब धरत नसतील तर तो सगळा जोर एकट्या मागच्या एक्सेलवर पडतो. भरलेली गाडी आणि चढ असेल तर मागचा दांडा तुटू शकतो.

डावा हब उघडल्यावर कारण दिसलं. कडेची ओ-रिंग फाटलेली, आत पाणी शिरून स्प्रिंग गंजलेली, कडीचे दाते गोल झालेले. वर कुणीतरी हब ग्रीसनं गच्च भरून ठेवलेला. फिरकी लॉकवर जात होती, पण घट्ट ग्रीसमधून कडी अर्धीच सरकत होती. अर्धे दाते धरायचे आणि जोर आला की सटकायचे.

मग पर्याय काय?

मामाला मी तीन पर्याय सांगितले. तुम्हालाही हेच तीन.

पहिला, ड्राइव्ह फ्लँज. कायमचं लॉक. आत सरकणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. स्वस्त आणि सगळ्यात मजबूत. गाडी बहुतेक वेळ कच्च्या रस्त्यावर किंवा शेतातच असेल तर हाच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. तोटा एवढाच, की डांबरावरही पुढची यंत्रणा फिरत राहते. स्टिअरिंग थोडं जड लागतं, घरघर वाढते आणि सांध्यांचे क्रॉस लवकर झिजतात.

दुसरा, ऑटोमॅटिक हब. काही नंतरच्या गाड्यांना हे कंपनीतूनच येतात. काही प्रकार दांडा फिरायला लागला की आपोआप धरतात, काही इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. खाली उतरावं लागत नाही, हे सुख मोठं. पण पहिल्या प्रकारात चढावरून मागे घेताना किंवा उतारावर जोराची दिशा बदलली की पकड सुटण्याची शक्यता असते. व्हॅक्यूमच्या प्रकारात नळी, सील, व्हॉल्व्ह या सगळ्या गोष्टी धड असाव्या लागतात. वीस-तीस वर्षांच्या गाडीत रबराच्या नळीवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

तिसरा, मॅन्युअल हब. हातानं फिरवायचा. लॉक म्हणजे लॉक, पुढे जा, मागे घ्या, उतारावर इंजिनाचा ब्रेक वापरा. एकदा धरला की दिशा बदलली म्हणून सुटत नाही. त्या बदल्यात तो तुमच्याकडून एक गोष्ट मागतो, ती म्हणजे आठवण. फिरवायचं लक्षात ठेवावं लागतं.

मामाच्या तीन किलोमीटर मातीला फ्लँज बरी, चौदा किलोमीटर डांबराला हब बरा. रोज जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर डांबर. म्हणून मॅन्युअल ठरला.

एक भ्रम इथेच काढून टाकतो. हब फ्री ठेवले की डिझेल खूप वाचतं असं दुकानात सांगतात. मामा डिझेलचा हिशोब वहीत लिहितो. फ्लँज असतानाची आणि हब फ्री असतानाची पानं मी शेजारी ठेवून पाहिली. फरक असेलही, पण वहीत दिसण्याइतका नाही. लोड, टायरची हवा, पाऊस, यांचा फरक त्याहून मोठा. हब घ्यायचा तो हलक्या स्टिअरिंगसाठी आणि कमी झिजेसाठी.

ऑर्डर करण्याआधी काय मोजायचं

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. लोक गाडीचं नाव आणि वर्ष टाकून हब मागवतात. नव्या गाडीला हे चालेल. जुन्या गाडीत आधीच्या मालकानं, त्याच्या आधीच्या मालकानं आणि मधल्या तीन मिस्त्रींनी काय काय बदललंय हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. म्हणून जुना हब काढा, कापडानं पुसा आणि खालच्या गोष्टी स्वतः मोजा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एक, दांड्यावरचे दाते. एका दात्यावर मार्करनं खूण करा आणि गोल फिरून मोजा. दोनदा मोजा. विलिसच्या जुन्या घराण्यातल्या जीपना बाहेरच्या टोकाला १० दाते असायचे. १९७२ नंतरच्या अमेरिकी सीजे जीपना २७ आले. फोर्डच्या जुन्या अर्ध्या टनाच्या पिकअपना १९ दात्यांचा दांडा दिसतो. म्हणजे "जीपचा हब द्या" या वाक्याला अर्थच नाही. दाते जुळले नाहीत तर हब बसणारच नाही.

दोन, बोल्टची संख्या, जाडी आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. याचं एक चांगलं उदाहरण सीजे जीपचं आहे. १९८१ पर्यंत सहा बोल्टचे हब होते, १९८२ ते १९८६ च्या गाड्यांना पाच बोल्टचे आले. खडकाळ रस्त्यांवर जाणारे लोक आजही जुना सहा बोल्टचा चाकाचा हब शोधून बसवतात, कारण पाच बोल्टच्या मांडणीत बोल्ट ढिले होऊन तुटण्याची तक्रार जास्त. चाकाला मिळणारा सगळा जोर त्या बोल्टांमधून जातो हे लक्षात ठेवा.

तीन, दांडा स्पिंडलच्या किती बाहेर येतो. त्यावर सर्क्लिपची खाच आहे का, ती शाबूत आहे का. दांडा आखूड पडला तर हबची कडी दात्यांच्या अर्ध्याच लांबीवर बसते. अर्ध्या पकडीनं काय होतं ते वर सांगितलंच.

चार, स्पिंडलवरचे नट. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवताना इथे गल्लत होते. अमेरिकेतल्या फोर्ड रेंजरसारख्या १९९० च्या दशकातल्या पिकअपमध्ये ऑटोमॅटिक हबचे आतले नट आणि वॉशर वेगळे असतात, त्यामुळे मॅन्युअल हबबरोबर नटांचा वेगळा संच घ्यावा लागतो. नुसती बाहेरची टोपी बदलून भागत नाही. तुमची गाडी कुठलीही असो, विकणाऱ्याला विचारा, "याच्याबरोबर कोणते नट लागतात?" उत्तर देता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

पाच, रिमचं मधलं भोक. हब बाहेर किती येतो आणि रिममधून फिरकीपर्यंत बोटं पोचतात का ते पाहा. अलॉय व्हील टाकली असतील तर हे आधीच मोजा.

किती मजबूत हवा?

दुकानात दोन प्रकार हातात आले. एकाची फिरकी आणि टोपी प्लास्टिकची, दुसरा पूर्ण धातूचा आणि दुपटीहून महाग. प्लास्टिक म्हटलं की वाईट असं नाही. जोर प्लास्टिकमधून जात नाही, आतल्या धातूच्या कडीतून जातो. पण दगड, बाभळीचं खोड, बैलगाडीचं चाक, काहीही फिरकीवर आपटलं की प्लास्टिक फुटतं, पाणी शिरतं आणि पुन्हा तीच गोष्ट. मामाच्या रस्त्याला धातूचा बरा. तुमची गाडी बहुतेक शहरात असेल आणि वर्षातून दोनदा ट्रेकच्या पायथ्याशी जात असेल, तर प्लास्टिकची फिरकीही पुरेल.

हातात घेऊन तीन गोष्टी करून बघा. फिरकी दहा वेळा फिरवा. दोन्ही टोकांना ती ठामपणे थांबली पाहिजे, मध्येच लोंबकळता कामा नये. आतली कडी बाहेर काढून बघायला मागा. दात्यांच्या कडा धारदार आणि सारख्या हव्यात, ओतकामाचे फुगे नकोत. ओ-रिंग आणि गॅस्केट वेगळी विकत मिळतात का ते विचारा. दहा रुपयांची ओ-रिंग मिळत नाही म्हणून पूर्ण हब फेकणं परवडत नाही.

आणखी एक गोष्ट मला आमच्या मिस्त्रींनी शिकवली. मी सगळ्यात दणकट हब मागत होतो. ते म्हणाले, "हब तुटला तर पाच-सहा बोल्ट काढून दुसरा लावाल. हब तुटला नाही तर आतला दांडा तुटेल. तो रस्त्यात बदलणार का?" आपल्या भाषेत सांगायचं तर साखळीत कुठली कडी आधी तुटावी हे आपण ठरवायचं. घरातला फ्यूज जसा मुद्दाम कमजोर ठेवतात, तसंच. म्हणून चांगला हब घ्या, पण आतला दांडा आणि क्रॉस जुने असतील तर सगळे पैसे हबवर घालू नका. आधी क्रॉस बघा.

बसवताना

हे काम मिस्त्रीकडून करून घेतलं तरी शेजारी उभे राहा. आतल्या नटानं चाकाच्या बेअरिंगचा ताण ठरतो. तो फार आवळला तर बेअरिंग जळतं, ढिला राहिला तर चाक डुगडुगतं. दोन नटांच्या मध्ये पातं वाकवायचं वॉशर असेल तर नवं घाला, जुनं सरळ करून परत वाकवू नका. बेअरिंगला ग्रीस भरपूर, हबच्या आत मात्र फक्त पातळ हात. बेअरिंगचं ग्रीस हबमध्ये ठासलं की कडी अडते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं आवळा आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा परत तपासा.

मग परीक्षा. सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, फोर बाय फोरचा लीवर टाकलेला. एक पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, आणि गाडीखाली डोकं घालू नका. दोन्ही हब लॉक असताना ते चाक हातानं फिरता कामा नये, थोडा खडखड चालेल. फिरलं तर दोनपैकी एक हब धरत नाहीये, उघडून बघा. आता दोन्ही फ्री करा. चाक मोकळं, आवाज न करता फिरलं पाहिजे. पंधरा मिनिटांचं काम. गेल्या वर्षी मी जूनमध्ये हे केलं असतं तर जुलैत ते दोन कॅन वाचले असते.

रोजचा वापर

हब फक्त हातानं फिरवायचा, पक्कड लावायची नाही. जड जात असेल तर गाडी एक हात पुढे-मागे घ्या, दाते जुळले की बसतो. तरीही जड असेल तर आत घाण आहे, उघडून साफ करा.

कोरड्या डांबरावर फोर बाय फोरचा लीवर टाकू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, म्हणून सगळी यंत्रणा पिळवटते आणि लीवर अडकून बसतो. अडकलाच तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

पण नुसते हब लॉक ठेवून टू व्हीलमध्ये डांबरावर चालवायला काहीच हरकत नाही. तेव्हा गाडी फ्लँजवाल्या जीपसारखी वागते, बस. ही एक गोष्ट कळली आणि आमचा अर्धा प्रश्न सुटला. मामाचं वय अठ्ठावन्न, गुडघे दुखतात. चिखलात उतरून दोन्ही बाजूंना वाकणं त्याला जमणार नाही, आणि घसरणाऱ्या गाडीतून उतरणं कुणीच करू नये. म्हणून नियम असा केला, की मृगाचा पाऊस आला की दोन्ही हब लॉक, दसऱ्याला फ्री. चढावर फक्त लीवर टाकायचा.

उन्हाळ्यात उलटं. महिन्यातून एकदा हब लॉक करून पाच-सात किलोमीटर चालवायचं. नाहीतर पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल खालीच बसून राहतं, वरच्या भागांना ते पोचत नाही.

तुमचे दोन प्रश्न

नाशिकहून एका श्रोत्यानं विचारलंय, "एकच हब खराब आहे, एकच बदलला तर चालेल?" दाते, बोल्ट आणि बनावट तीच असेल तर चालेल. पण दुसऱ्यानंही तेवढंच पाणी प्यायलंय, हे विसरू नका. किमान तो उघडून ओ-रिंग बदला. आम्ही जोडीच बदलली.

एका श्रोतीनं विचारलंय, "बाबांची जुनी जीप मी चालवते, एक हब लॉक आणि एक फ्री राहिला तर काही तुटेल का?" टू व्हीलमध्ये लगेच काही तुटणार नाही, पण एका बाजूची यंत्रणा उगाच फिरत राहील. फोर व्हीलमध्ये मात्र तुम्हाला पुढून काहीच ओढ मिळणार नाही आणि हे तुम्हाला नेमकं चढावर कळेल. म्हणून एक सवय लावा. दोन्ही बाजूंना जा, हात लावा, मगच निघा.

शेवटी

निवडीचं थोडक्यात सांगतो. आधी मोजा, मग मागवा. ब्रँडच्या आधी दाते, बोल्ट, दांड्याची लांबी, नट आणि रिम. आपल्या रस्त्याला किती मजबूत हवा ते ठरवा आणि तो तुटला तर पुढे काय, याचं उत्तर गाडीतच ठेवा. आमच्याकडे ते उत्तर सीटखाली आहे. मामाच्या जुन्या ड्राइव्ह फ्लँजची जोडी, बोल्ट आणि पान्यासह गोणपाटात गुंडाळलेली. नवा हब रस्त्यात गेला तर अर्ध्या तासात फ्लँज लावून घरी येता येतं.

या जूनमध्ये मी परत गेलो होतो. मामानं दोन्ही फिरक्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारलीय. रेघ आडवी म्हणजे लॉक, उभी म्हणजे फ्री. ओटीवरून चहा पितानासुद्धा दिसते. त्याच चढावर त्यानं लीवर टाकला, चार कॅन भरलेले होते, पुढच्या चाकांनी माती धरली आणि जीप वर आली. वर पोचल्यावर मी विचारलं, "मामा, विकायची ना?"

तो म्हणाला, "गप बस आणि कॅनची झाकणं बघ."

भेटू पुढच्या भागात. तुमच्या जुन्या गाडीच्या दांड्याला किती दाते निघाले, ते मोजून नक्की कळवा.